अडकायला आता वेळ आहे : निवृत्तीनंतर ॲडव्हेंचर गेम कसे खेळावेत

नोकरीत अडकणं परवडायचं नाही. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. मशीन बंद पडलं की पाठीमागे सुपरवायझर घड्याळाकडे बघत उभा, ऑपरेटर चहाला गेलेले आणि माझ्या हातात पाना. ‘झालं का?’ या एका प्रश्नाखाली तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर भाच्याने लॅपटॉपवर एक गेम टाकून दिला. त्यातला टिनपाट रोबो शहराच्या वेशीवर एका पुलापाशी अडला आणि त्याच्याबरोबर मीही तीन दिवस अडलो. पलीकडचा पहारेकरी काही केल्या आत घेईना. चौथ्या दिवशी सकाळी तलावपाळीची फेरी मारताना गडकरी रंगायतनसमोर रस्त्यात एक केशरी ट्रॅफिक कोन आडवा पडलेला दिसला. तसाच कोन गेममध्ये माझ्या रोबोच्या झोळीत तीन दिवस पडून होता. पहारेकऱ्याच्या डोक्यावरची ती निळी टोपी आणि हा कोन, आकार एकच की! उरलेली फेरी सोडून घरी आलो आणि पायातले बूटही न काढता लॅपटॉप उघडला.

त्या सकाळपासून हा नाद लागला तो लागलाच. नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधले दोघं-तिघं ‘सुरुवात कुठून करू?’ म्हणून विचारतात. प्रत्येकाला जिन्यात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकतो. वरचं एक कोडं फोडलं त्याबद्दल माफी. पुढे शक्यतो रीतच सांगेन, उत्तरं नाही.

आधी एक गैरसमज काढा

गेम म्हटलं की नातवंडांची भराभर चालणारी बोटं आणि धाडधाड गोळीबार डोळ्यांसमोर येतो. ॲडव्हेंचर गेमचं त्याच्याशी गोत्र जुळत नाही. इथे एक गोष्ट असते, तुम्ही त्यातलं एक पात्र असता. माऊसने इकडे-तिकडे क्लिक करून वस्तू बघायच्या, उचलायच्या, लोकांशी बोलायचं, कुठली वस्तू कुठे लागू पडते ते शोधायचं. वेळेचं बंधन जवळजवळ नसतंच. मधेच उठून दूध तापवून आलात तरी पात्र तिथेच उभं असतं, फार तर पाय बदलतं.

या प्रकाराची सुरुवात गुहेतून झाली, हे मला फार आवडतं. विल क्रॉदर नावाचा अमेरिकन प्रोग्रॅमर गुहांमध्ये उतरायचा शौकीन होता. केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये तो स्वतः हिंडला होता. त्याच्या जोरावर १९७६ च्या सुमारास त्याने गुहेचा एक गेम लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. त्यात चित्र एकही नव्हतं. ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ असं टाइप करायचं आणि संगणक पुढे काय दिसतंय ते वाक्यात सांगायचा. चित्रं १९८० पासून आली, माऊस त्यानंतर. पण गाभा तोच राहिला: अनोळखी जागा आणि आपली जिज्ञासा.

खरेदी करताना मात्र शब्द नीट बघा. ‘ॲक्शन-ॲडव्हेंचर’ लिहिलं असेल तर तो हातघाईचा मामला. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ मी मोठ्या अभिमानाने घेतला. देखणा आहे, पण त्रिशूळ फिरवत राक्षसांना चुकवायचं म्हणजे माझ्या अंगठ्याच्या सांध्याची कामगिरी नव्हे. आपल्याला हवा तो शब्द म्हणजे ‘पॉइंट अँड क्लिक’.

मांडामांड

नवा संगणक घ्यायची गरज नाही. दुकानदार ‘गेमिंग’ म्हटल्याबरोबर लाल दिव्यांचा कीबोर्ड पुढे सरकवतो, तो परत सरकवा. मुलाने टाकलेला सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप यातल्या बहुतेक गेमना पुरतो. पैसे खर्चायचेच तर दोन गोष्टींवर खर्चा. एक साधा, हातात भरणारा माऊस, कारण टचपॅडवर बोटं घासून बारीक वस्तू पकडणं म्हणजे ताकातून लोणी चिमटीने काढणं. आणि जमलं तर एक मोठा मॉनिटर, बावीस-चोवीस इंची, लॅपटॉपला जोडून.

विंडोजच्या सेटिंगमध्ये माऊसचा बाण मोठा आणि गडद करता येतो, ते पहिल्या दिवशीच करा. विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की भिंग उघडतं, विंडोज आणि एस्केप दाबलं की बंद होतं. गेममधल्या जुन्या चिठ्ठ्या वाचायला हे भिंग फार उपयोगी. मॉनिटरसाठी चष्म्याचा वेगळा नंबर लागतो का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. चाळीशी पुस्तकाच्या अंतरासाठी असते, मॉनिटर त्याहून लांब असतो, आणि मग आपण मान वर करून चष्म्याच्या खालच्या काचेतून बघत बसतो. मानेचं दुखणं मी असंच ओढवून घेतलं होतं.

दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघायचं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि कुणी पाळत नाही. मी टेबलच खिडकीशी नेलं. समोरच्या गच्चीवरची कबुतरं नियम पाळून घेतात.

पहिला गेम कुठला?

माझं उत्तर ठाम आहे: ‘मशिनेरियम’. चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनने २००९ मध्ये काढलेला. वर सांगितला तो टिनपाट रोबो यातलाच. यात संवाद नाहीत. पात्रं बोलतात ती डोक्यावरच्या फुग्यातल्या हलत्या चित्रांतून. इंग्रजीची धास्ती असलेल्या माणसाला याहून बरं दार नाही. रोबो अंग ताणून उंच होतो, आक्रसून बुटका होतो आणि हाताच्या टप्प्यातलंच उचलतो, त्यामुळे अख्ख्या पडद्यावर भिरभिर क्लिक करत बसावं लागत नाही. तो पार झाला की त्याच मंडळींचे ‘बोटॅनिक्युला’ आणि ‘सामोरोस्ट ३’ आहेत, तेही शब्दांवाचून चालणारे.

इंग्रजी वाचायला हरकत नसेल तर पुढची पायरी ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’. मूळ १९९० चा, २००९ च्या आवृत्तीत चित्रं नव्याने काढली आहेत, आवाज दिले आहेत, आणि एफ १० दाबलं की क्षणात जुनी चित्रं दिसतात. यातल्या तलवारबाजीत तलवारीला काम नाही. समोरचा टोमणा मारतो, त्याला चपखल प्रतिटोमणा दिला की तुमची सरशी. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. उत्तरं मात्र आधी हरून-हरून गोळा करावी लागतात.

याच्याच दुसऱ्या भागात, १९९१ च्या, एक कोडं आहे. धबधब्याचा पंप बंद करायचा असतो आणि त्यासाठी पाना हवा. पाना कुठेच नसतो. उत्तर असं, की एका माकडाला संमोहित करून त्यालाच पान्यासारखं वापरायचं, कारण अमेरिकेत पान्याच्या एका प्रकाराला ‘मंकी रेंच’ म्हणतात. आयुष्यभर पाने हाताळलेला मी, आणि माझं डोकं यातच चालेना! इंग्लंडातल्या लोकांनाही ते सुटलं नव्हतं म्हणे, त्यांच्याकडे तो शब्दच रुळलेला नाही. हे मुद्दाम फोडून सांगितलं, कारण धडा कामाचा आहे. परभाषेतल्या श्लेषावर बेतलेलं कोडं सुटलं नाही तर ते तुमचं अपयश नव्हे, तिथे खुशाल उत्तर बघावं. अवघड इंग्रजी मजकूर आला तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने गूगल लेन्स पडद्यावर धरा, मराठी भाषांतर दिसतं. अधूनमधून ते विनोदी असतं, पण अर्थ लागतो.

सुरुवातीला टाळायचे ते १९८० च्या दशकातले आणि त्यानंतर लगेचचे सिएरा कंपनीचे गेम. नाव मोठं, पण माणसाला सापळ्यात पकडण्याची वाईट खोड. ‘किंग्ज क्वेस्ट ५’ मध्ये, १९९० च्या, नायकाला भूक लागते तेव्हा जवळचा ‘पाय’ (केकसारखा गोड पदार्थ) तुम्ही खाऊन टाकलात, तर पुढे बर्फात हिममानव आडवा येतो आणि त्याच्या तोंडावर फेकायला काही उरलेलं नसतं. झालं, परत मागे. पहिलाच अनुभव असा आला तर माणूस पुन्हा या वाटेला फिरकत नाही.

खरेदी

‘स्टीम’ आणि ‘गॉग’ ही इंटरनेटवरची दोन दुकानं पुरेशी आहेत. स्टीमवर किमती रुपयांत दिसतात आणि यूपीआयने पैसे भरता येतात. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मागता येतात, म्हणून नवा गेम घेतला की पहिल्या दीड तासात अक्षरं वाचता येतात का, डोकं गरगरतं का, हे बघून घ्या. गॉगवर ही मुदत ३० दिवसांची आहे आणि तिथून उतरवलेला गेम पुढे इंटरनेटशिवाय चालतो, वायफायचा लहरी कारभार असलेल्या घरात हे बरं. उन्हाळी आणि वर्षअखेरच्या सेलमध्ये जुने गेम गडकरीतल्या नाटकाच्या एका तिकिटापेक्षा स्वस्त पडतात.

एक पैसाही न घालता बघायचं असेल तर ‘स्कमव्हीएम’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. जुने गेम आजच्या संगणकावर चालवण्यासाठी तो २००१ पासून उपलब्ध आहे. त्यांच्याच संकेतस्थळावर ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा इंग्रजी गेम मिळतो. बनवणाऱ्यांनी तो २००३ मध्ये स्वतःच मोफत केला, म्हणजे चोरीचा मामला नाही. ‘फुल व्हर्जन फुकट’ म्हणून झळकणाऱ्या इतर ठिकाणी मात्र जाऊ नका. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी तिथून गेम उतरवला, गेम राहिला बाजूला आणि सगळे फोटो कुलूपबंद होऊन बसले.

वही

हे सगळ्यात महत्त्वाचं. दोनशे पानी वही, पेन्सिल, खोडरबर. फोनमध्ये नोंदी करू नका, फोन हातात घेतला की व्हॉट्सॲप उघडतं.

माझ्या वहीत पानाचे तीन रकाने असतात: ‘दिसलं’, ‘करून पाहिलं’, ‘नडलं’. पहिल्यात डोळ्यांना जे वेगळं वाटेल ते: भिंतीवरची खूण, घड्याळाची वेळ, कुणाच्या बोलण्यात दोनदा आलेली वस्तू. दुसऱ्यात प्रयत्न, फसलेलेसुद्धा, नाहीतर तीन दिवसांनी तेच पुन्हा करत बसतो. तिसऱ्यात बंद दारं. शिवाय प्रत्येक नव्या जागेचा नकाशा, कच्चा. कारखान्यात ब्रेकडाउन रजिस्टर लिहिताना जो कंटाळा यायचा, तो इथे अजिबात येत नाही, असं का ते मला अजून उमगलेलं नाही.

वहीची खरी कसोटी ‘मिस्ट’मध्ये लागते. रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी काढलेला हा १९९३ चा गेम पुढे कित्येक वर्षं सर्वाधिक खपणाऱ्या संगणक गेममध्ये होता. एका निर्जन बेटाच्या धक्क्यावर तुम्ही उभे असता, बस्स. कुणी काही सांगत नाही. थोडं वर गेलं की गवतात एक चिठ्ठी मिळते, बेटावरचे खटके मोजायला सांगणारी. तिथून सुरुवात. ‘मास्टरपीस एडिशन’ घ्या, त्यात एकेक स्थिर चित्र पालटत जातं. चालताना सगळं हलतं अशा नव्या आवृत्तीत मला पंधरा मिनिटांत मळमळलं.

त्या बेटावर एक रॉकेट आहे आणि त्याला वीज द्यायला जमिनीखाली जनित्राची खोली. किती व्होल्ट हवे ते दुसरीकडे लिहिलेलं सापडतं: ५९. मेंटेनन्सचा माणूस मी, हुरूप आला. भराभर सगळी बटणं दाबली. काटा ५९ च्या पुढे गेला आणि ब्रेकर उडाला. मग बाहेर येऊन शिडीच्या खांबावर चढून ब्रेकर बसवा, परत खाली या. ऐन तारुण्यात शिकाऊ पोरांना मी याच चुकीवरून झापलेलं होतं. कुठलं बटण किती व्होल्ट वाढवतं ते एकेक करून वहीत मांडलं, मग सरळ बेरजेचं गणित.

वीज आली, रॉकेटचं दार उघडलं आणि आत निघाला ऑर्गन! एका वहीत पाच पट्ट्यांची खूण सापडते. ते पाच सूर ऑर्गनवर वाजवायचे आणि रॉकेटच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पाच सरकपट्ट्यांवर तेच सूर लावायचे. ऑर्गनपासून सरकपट्ट्यांपर्यंत जाईतो सूर माझ्या डोक्यातून निघून जायचा. मला भूप आणि भीमपलास यातला फरक आजही कळत नाही. दोन संध्याकाळी मी ते भोंगे वाजवत बसलो. तिसऱ्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, तो तिसरा चढा लागतोय. कधीची ऐकतेय मी.”

आमची ही भजनी मंडळात पेटी वाजवते. तिने हात पुसले, पेटी आणून डायनिंग टेबलावर ठेवली आणि ऑर्गनचा सूर ऐकून त्याची पट्टी दाबून धरली. “आता सरकवा. अजून. अजून थोडं. हां, थांबा, पुढे गेलात.” पाच सूर दहा मिनिटांत लागले. रॉकेट सुरू झालं तेव्हा ती पहिल्यांदा खुर्ची ओढून शेजारी बसली.

म्हणून सांगतो, जोडीने खेळा. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या हातात वही, आणि माऊसवाल्याने वहीवाल्याचं ऐकायचं. कानांनी कमी ऐकू येत असेल तर असल्या सुरांच्या कोड्यांत मदतनीस लागतोच, त्यात कमीपणा नाही. बाकीच्या गेममध्ये सबटायटल्स सुरू करायला विसरू नका.

अडकल्यावर

अडकणार आहात हे धरूनच चाला. माझी शिडी अशी: पहिल्या दिवशी वहीतला तिसरा रकाना वाचायचा आणि प्रत्येक जागी एक फेरी मारायची. मग बंद करायचं. झोप आणि सकाळची फेरी यांना त्यांचं काम करू द्यायचं, निम्मी उत्तरं तलावाच्या कडेलाच सुचतात. दुसऱ्या दिवशी झोळीतली प्रत्येक वस्तू प्रत्येक जागी लावून बघायची, हा हमाली उपाय, पण अधूनमधून चालतो. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी कोडं समजावून सांगायचं. ऐकणाऱ्याला गेम कळला नाही तरी चालेल, सांगता सांगता आपलीच ट्यूब पेटते.

तेवढ्यावरही नाही सुटलं, तर हिंट. पूर्ण उत्तर नव्हे, हिंट. ‘मशिनेरियम’मध्ये बल्बचं चित्र दाबलं की त्या दृश्याचा एक इशारा मिळतो. अख्खं उत्तर चित्रांच्या पुस्तकात आहे, पण ते उघडायला आधी एक छोटा खेळ खेळावा लागतो. मोह आवरायला इतकी अडचणही पुरते, हे बनवणाऱ्यांना बरोबर ठाऊक होतं. २०२२ च्या ‘रिटर्न टू मंकी आयलंड’मध्येही इशाऱ्यांचं पुस्तक झोळीतच असतं. बाकी गेमसाठी ‘युनिव्हर्सल हिंट सिस्टीम’ हे संकेतस्थळ चांगलं, तिथे एका प्रश्नाला एकेक इशारा क्रमाने उघडतो, आधी मोघम, मग नेमका. यूट्यूबवरच्या व्हिडिओंपासून लांब राहा. एका दाराचं उत्तर बघायला जावं तर पुढची चार दारं फुकट उघडलेली दिसतात.

सेव्ह करण्याचं, म्हणजे खेळ जिथवर आलाय तिथवर साठवून ठेवण्याचं, तंत्र थोडक्यात. उठण्यापूर्वी सेव्ह, नव्या जागी शिरण्यापूर्वी सेव्ह, आणि सोय असेल तिथे जुन्यावर न लिहिता नवीन जागी सेव्ह. नावात तारीख आणि काम टाका: ‘१२ जून, बोगद्याआधी’. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा जुन्या लॅपटॉपची बॅटरी पाच मिनिटंही धरत नाही, एका जुलैत माझी अख्खी दुपार अशी वाहून गेली. घरात दोघं खेळत असाल तर सेव्ह वेगवेगळे ठेवा. या एका गोष्टीवरून आमच्याकडे दोन दिवस अबोला होता.

आपापल्या धंद्याचा गेम

पहिले दोन-तीन झाल्यावर निवड करताना मी लोकांना त्यांची नोकरी विचारतो. यंत्रांच्या कामातल्या माणसाला ‘द रूम’ द्यावा, कुलपं, खटके, चोरकप्पे असलेल्या पेट्या उघडायच्या, बाकी काही नाही. वकिलीत आयुष्य गेलेल्याला २००२ चा ‘सायबेरिया’: त्यात आल्प्समधला यांत्रिक खेळण्यांचा कारखाना विकण्याचे कागदपत्र घेऊन एक वकीलबाई येतात आणि वारस शोधत भलतीकडेच निघतात. तो गेम संथ आहे, कोडी सोपी, चित्रं बघत बसावी अशी.

आणि आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त विमा सर्व्हेअर राहतात. ‘गेम पोरांचे’ म्हणून दोन वर्षं मला हसत होते. त्यांच्यासाठी मी लुकस पोपचा २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ शोधून काढला. काळ १८०७, ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज माणसांविना परत आलंय आणि तुम्ही कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावर ६० जण होते. प्रत्येक जण कोण आणि त्याचं काय झालं, ते नोंदवहीत भरायचं. अंदाज ठोकून चालत नाही, तिघांची नोंद अचूक झाली की तेव्हाच ती पक्की होते. चित्रं ठिपक्या-ठिपक्यांची एकरंगी आहेत आणि चालताना सगळं फिरतं, त्यामुळे एका बैठकीत अर्ध्या तासावर जाऊ नका, असं मी त्यांना बजावलं होतं.

परवा रात्री साडेअकराला त्यांनी बेल वाजवली. ६० पैकी ३९ पक्के झालेत, एका खलाशाच्या पायातल्या मोज्यांवरून धागा लागलाय, आणि उरलेल्या एकवीस जणांबद्दल मी अवाक्षर काढायचं नाही, एवढं सांगून ते वर निघून गेले.